हात-पाय चालत नाही म्हणून लगेच मालिश? आधी बिघाड कुठे आहे ते बघा, आणि या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या धायरीहून एक फरशी बसवणारे दादा माझ्याकडे आले, वय पस्तिशीच्या आसपास. आल्या आल्या त्यांनी पायातल्या दोन्ही चपला काढून उलट्या करून ठेवल्या. डावी टाचेकडे झिजलेली, आपल्या सगळ्यांची झिजते तशीच. उजवीची टाच जवळपास नवी आणि पुढचं टोक, अंगठ्याखालचं रबर, घासून घासून पार पापडासारखं पातळ. "ताई, दोन्ही एकाच दिवशी घेतल्यात, दोन महिने पण नाही झाले," ते म्हणाले. चालताना ते उजवा गुडघा असा वर घेत होते जसं आपण गुडघाभर पाण्यातून चालताना घेतो, आणि चवडा फटकन फरशीवर पडत होता.

दीड महिन्यात त्यांनी काय काय केलं होतं ते ऐका. आधी तीन आठवडे रोज पोटरीला तिळाच्या तेलाने मालिश, मग कुणीतरी म्हणालं कमरेत शीर दबली असणार म्हणून कमरेचा एमआरआय, त्यात एक गादी थोडी सरकलेली दिसली, मग कमरेला पट्टा, आणि पट्टा लावून परत उकिडवं बसून दिवसभर काम. पैसे गेले, मजुरी बुडाली आणि पाय होता तिथेच.

मी त्यांना फक्त चार गोष्टी करायला लावल्या. चवडा वर उचला, नाही. चवडा खाली दाबा, गाडीच्या ब्रेकवर दाबता तसा, एकदम जोरात. पाऊल बाहेर वळवा, नाही. पाऊल आत वळवा, व्यवस्थित. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टेंगूळ हाताला लागतं ना, त्याच्या जरा खाली बोटाने टकटक केलं तर झिणझिण्या थेट पावलावर. पाऊल आत वळतंय पण बाहेर वळत नाहीये यातच अर्धं उत्तर होतं, कारण कमरेतली नस दबून चवडा पडला असता तर आत वळवणंही ढिलं पडलं असतं. त्यांची नस कमरेत दबलीच नव्हती, ती गुडघ्याजवळ दबली होती, जिथे ती हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते आणि सात-आठ तास उकिडवं बसलं की चेपली जाते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत घरोघरी जाऊन काम करते, आणि हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात सारखी बघते. हात उचलत नाही, पाय घासतो, तोंड वाकडं झालं, आणि घरातले सगळे त्या स्नायूच्या मागे लागतात. त्याला तेल चोळतात, शेकतात, ताणतात. स्नायू बिचारा बऱ्याचदा धडधाकट असतो, त्याला हुकूमच पोचत नसतो.

आधी वायरिंग समजून घेऊ

स्नायू स्वतःहून काही करत नाही. पाठीच्या कण्याच्या आत जो मज्जारज्जू आहे, त्याच्या पुढच्या भागात मोटर न्यूरॉन बसलेले असतात, शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना प्रेरक चेतापेशी म्हणायचो. एका न्यूरॉनपासून एक लांब धागा निघतो आणि थेट स्नायूपर्यंत जातो, आणि थेट म्हणजे खरंच थेट, पावलाच्या स्नायूसाठी कमरेतून निघालेला एका पेशीचा एकच धागा जवळपास एक मीटर लांब असतो. मेंदूतून येणारे न्यूरॉन वेगळे, ते वरचे, ते मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात (म्हणून डाव्या मेंदूला मार लागला की उजवं अंग जातं) आणि मज्जारज्जूत खालच्या न्यूरॉनपर्यंत निरोप आणून देतात. स्नायूपर्यंत जातो तो फक्त खालचा. शेरिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याला शेवटची सामाईक वाट म्हटलं होतं, त्याला १९३२ साली नोबेल मिळालं. सामाईक यासाठी की तुम्ही ठरवून हात उचला, गरम तव्याला लागून झटक्यात मागे घ्या किंवा झोपेत कूस बदला, शेवटचा हुकूम याच वाटेने जाणार.

धागा स्नायूपाशी पोचतो तिथे तो स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये बारीकशी फट असते. तिथे असिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडे स्नायूला लागतं, स्नायू आखडतो, आणि लगेच एक एन्झाइम ते रसायन पुसून टाकतं म्हणून स्नायू परत सुटतो.

म्हणजे बिघाड होऊ शकेल अशा जागा मोजा: मेंदू, मज्जारज्जू, नस, ती फट, आणि सगळ्यात शेवटी स्नायू. पाच जागा, आणि बाहेरून तक्रार मात्र एकच, "हलत नाहीये".

"शीर" या एका शब्दाने होणारा घोळ

आपल्या बोलण्यात रक्त वाहते ती पण शीर आणि मेंदूचा निरोप जातो ती पण शीर, नस शब्दाचंही तेच. हा घोळ फार महागात पडतो. "शिरेत रक्त अडकलंय" म्हणून लोक मनानेच रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू करतात, एका घरी तर शेजाऱ्याच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, मी हात जोडून बंद करायला लावल्या आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. मज्जातंतू पोकळ नळी नाही, त्यात काही अडकत नाही, तो दबतो, सोलला जातो किंवा तुटतो. पायात गोळा येतो तेव्हा "शिरेवर शीर चढली" म्हणतात, तेव्हाही कुठली शीर कुठे चढलेली नसते, तिथे मोटर न्यूरॉन आपोआप भराभर सिग्नल सोडत बसलेला असतो आणि स्नायूला सुटायची उसंत मिळत नाही. म्हणून रात्री पोटरीत गोळा आला तर ती जोरजोरात चोळण्याऐवजी गुडघा सरळ ठेवा आणि चवडा हाताने स्वतःकडे ओढून धरा, ताण पडला की सुटतो.

चूक: गेलेल्या नसेवर मालिश हाच उपाय समजणं

मालिशला माझा विरोध नाही, बरं वाटतं, कातडी चांगली राहते, घरचं कुणीतरी पाच मिनिटं जवळ बसतं हे पण औषधच आहे. पण मालिशने हुकूम पोचत नाही. नस नुसती चेपली गेली असेल, म्हणजे आतला धागा शाबूत आणि वरचं आवरण तेवढं खराब, तर दाब काढल्यावर काही आठवड्यांत ती आपली आपण सुधारते. धागा तुटला असेल तर तो वरून खाली नव्याने वाढत यावा लागतो आणि त्याचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, महिन्याला एक इंच धरा. काखेत मार लागला आणि बोटांपर्यंत पोचायचंय तर हिशोब तुम्हीच करा. इकडे स्नायू पण वाट बघत बसत नाही, नसेशिवाय तो वाळत जातो आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच्यात असे बदल होतात की नस पोचली तरी फारसा उपयोग होत नाही. म्हणून "बघू महिनाभर, तेल लावू" यात घालवलेला महिना हा साधा महिना नसतो, विशेषतः अपघातात किंवा कापल्यामुळे नस तुटली असेल तर, कारण तिथे ऑपरेशनची वेळ निघून जाऊ शकते.

दादांच्या बाबतीत सर्वात मोठी चूक मालिश नव्हतीच, सर्वात मोठी चूक ही की ज्या बसण्याने नस चेपली ते बसणं चालूच होतं. नळ चालू ठेवून फरशी पुसायची, तसं.

चूक: पॅरालिसिसच्या हातात चेंडू देणं

हे मी इतक्या घरांत बघितलंय की सांगताना जीव तुटतो. आजींना अर्धांगवायू झाला, "अंगावरून वारं गेलं" म्हणतात तो, हॉस्पिटलमधून घरी आल्या, मुलगा लक्ष्मी रोडवरून मऊ पिवळा चेंडू घेऊन आला आणि आजी दिवसभर तो दाबतायत, घरातले कौतुकाने मोजतायत, आज दोनशे वेळा दाबला. दोन महिन्यांनी मी जाते तेव्हा मूठ अशी आवळलेली असते की तळहात धुवायला बोटं एकेक करून सोडवावी लागतात आणि नखं आत रुतून वळ उठलेले असतात.

इथे बिघाड वरच्या न्यूरॉनमध्ये आहे, खालचा न्यूरॉन जिवंत आहे. वरून जो लगाम असायचा तो सुटला म्हणून खालचा न्यूरॉन उलट जास्तच उसळतो. गुडघ्याखाली हातोडीने हलकं टकटक केलं की पाय उडतो ना, ताणला की आखडायचा ही खालची तिथल्या तिथली व्यवस्था, मेंदूला न विचारता होणारी. लगाम गेला की ती व्यवस्था बेबंद होते, हात कोपरात वाकतो, मूठ वळते, पाय काठीसारखा ताठ. डॉक्टर तळपायावर किल्लीने रेघ ओढून अंगठा वर जातो का बघतात ते पण हेच तपासायला, बाबिन्स्कीने १८९६ मध्ये सांगितलेली खूण आहे ती आणि आजही तितकीच कामाची आहे.

तर ज्या हाताची मूठ आधीच आवळायला टपलीये त्याला मूठ आवळायचाच व्यायाम कशाला? त्याला शिकवायचंय उघडायला. वाटी धरायची त्यापेक्षा वाटी सोडायची, टेबलावर तळहात सपाट ठेवून अंगाचं वजन हळूच त्यावर टाकायचं, पोळपाटावरचं पीठ तळहाताने पसरायचं (हे आज्यांना फार आवडतं, आणि आवडतं म्हणून त्या करतात). प्रत्येक माणसाचा हात वेगळा असतो म्हणून तुमच्या फिजिओला विचारा, पण चेंडू आपल्या मनाने देऊ नका. आणि दुसरं, उठवताना त्या हाताला धरून ओढू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत खांद्याचे स्नायू ढिले असतात, हात नुसता लोंबत असतो, "चला आजी" म्हणून ओढलं की खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग वर्षभर दुखतो. कमरेला धरा, पाठीमागून धरा.

याच्या उलट दादांचा पाय. तिथे खालच्याच वाटेत बिघाड, म्हणून पाय ढिला, स्नायू बारीक होत चाललेला. एकात ताठरपणा सोडवायचा, दुसऱ्यात जागं करायचं. दोघांना एकच व्यायामाचा व्हिडिओ दाखवून कसं चालेल?

ताकद म्हणजे नक्की काय, इथे पथक आठवा

जिमवाल्या मुलांशी बोलताना मी कायम हेच उदाहरण देते, आणि पुण्यात हे लगेच कळतं. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस चालते ना, तिथे लांब उभं राहून ऐका. सुरुवातीला दोन-चार ढोल, मग वाढत वाढत सगळं पथक. आता समजा नियम असा आहे की प्रत्येक वादकाने टिपरू एकाच जोराने मारायचं, कमी नाही जास्त नाही. मग आवाज वाढवायचा कसा? दोनच रस्ते, जास्त ढोल घ्या किंवा ठेका जलद करा. मोटर न्यूरॉनचं अगदी हेच आहे. न्यूरॉनचा सिग्नल लहानमोठा नसतो, तो एकतर जातो किंवा जात नाही, आणि गेला की त्याच्या हाताखालचे सगळे धागे (इथे धागे म्हणजे स्नायूतले, नसेतले नाही) आखडतात. एक न्यूरॉन आणि त्याचे धागे मिळून एक मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका न्यूरॉनच्या हाताखाली जेमतेम दहाएक धागे, म्हणून नजर इतकी बारीक फिरते, आणि पोटरीत एकाच्या हाताखाली हजारावर, कारण तिथे नजाकत नको, अंग उचलायचंय.

बोलवायचा क्रम पण ठरलेला असतो, आधी छोटी युनिट्स जी दमत नाहीत, मग मोठी जी जोर लावतात पण लवकर दमतात. हेनेमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ साली हे सविस्तर मांडलं. यातून दोन चुका सुटतात. एक, जिम लावल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत वजन वाढवता येतं पण दंड काही फुगत नाही, मग मुलं वैतागून पावडरचे डबे आणतात. अरे, त्या दिवसांत वाढलेली ताकद बहुतेक न्यूरॉनची असते, जास्त युनिट्स वेळेवर बोलवायला शिकलेली असतात, स्नायू जाड व्हायला पुढे वेळ लागतो. दुसरी चूक आजारी माणसांच्या बाबतीत, "नुसते हलके हलके व्यायाम करा". हलक्या कामाला मोठी युनिट्स उठतच नाहीत. ज्येष्ठ माणसाला पर्वतीच्या पायऱ्या उतरताना तोल सावरायचा असेल तर कधीतरी खुर्चीतून हात न टेकता उठण्याएवढं तरी जड काम पायांना द्यायला लागतं, अर्थात डॉक्टरांनी हृदयाचं वगैरे बघून हो म्हटल्यावर.

पण हाच सल्ला सगळ्यांना देऊ नका, पोलिओ झालेल्या माणसाला तर नाहीच. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतले मोटर न्यूरॉन मारतो. जे वाचतात ते शेजारचे पोरके झालेले धागे दत्तक घेतात, एकेक न्यूरॉन कितीतरी जास्त धाग्यांचा संसार ओढतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी तो ओढूनओढून थकतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, पण लहानपणी पोलिओ झालेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांना "आळस करू नका, रोज दोन किलोमीटर चाला" असं सांगणं म्हणजे त्या थकलेल्या न्यूरॉनवर अजून ओझं. त्यांनी थोडं करायचं, थांबायचं, परत थोडं करायचं.

भलत्याच गोष्टीला घाबरणं

सिंहगड उतरून आलात, पुणे दरवाजाकडून खाली पायथ्याला आतकरवाडीत, आणि मांड्या थरथरतायत, पाय लटपटतायत. हे नॉर्मल आहे. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत ब्रेक मारत असतो, ते काम त्याला जड जातं, थकलेली युनिट्स एकसंध ओढू शकत नाहीत म्हणून थरथर दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात ते पण त्याचंच. मात्र लघवी गडद चहासारखी झाली तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा.

डोळा फडफडतो, दंडात मध्येच काहीतरी उड्या मारल्यासारखं होतं, म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर शोधत बसतात आणि सकाळी मेसेज येतो, "मॅडम मला मोटर न्यूरॉन डिसीज झालाय." सबमिशनच्या दिवसांत इंजिनिअरिंगच्या मुलांचे असे मेसेज मला नेमाने येतात. जागरण, टेन्शन, दिवसाला सहा चहा, यात एखादं मोटर युनिट आपणहून उडणं अगदी सामान्य आहे. त्या आजारात नुसती फडफड नसते, ताकद जाते आणि स्नायू वाळतो. शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडतो, बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो, आणि हे वाढत जातं. असं असेल तर मात्र न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि लवकर जा. नुसतं फडफडत असेल तर आठवडाभर नीट झोपा.

आणि ज्याला घाबरायला हवं तिथे लिंबू सरबत पिणं

जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे काय झालं ते सिंहगड रोडची माणसं विसरली नसतील. नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ बारे सिंड्रोम, जीबीएसचे रुग्ण एकामागोमाग निघाले, बघता बघता संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या वर गेला. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. जंतूशी लढायला तयार झालेली आपलीच प्रतिकारशक्ती चुकून नसांवर हल्ला करते, नसेचं आवरण किंवा आतला धागाच खराब होतो आणि मोटर न्यूरॉनचा हुकूम वाटेतच विरतो.

चूक काय झाली बऱ्याच घरांत? जुलाब झालेत, अशक्तपणा आलाय, ओआरएस घ्या, झोपा. बरोबरच वाटतं ते. पण जुलाबाच्या अशक्तपणात माणूस गळून जातो, तरी धरून उठवलं तर उभा राहतो. जीबीएसमध्ये दोन्ही पायांची ताकद दिवसागणिक कमी होते आणि बऱ्याचदा खालून वर चढत जाते, काल जिना चढला, आज कमोडवरून उठता येत नाही, उद्या कंगवा धरता येत नाही. जुलाब किंवा सर्दी-तापानंतर काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत असं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला, कारण श्वासाचा पडदा पण मोटर न्यूरॉनच्याच हुकमाने हलतो, तो मंदावला तर व्हेंटिलेटर लागतो. आयव्हीआयजीची (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची) इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार लवकर केले तर चांगला फायदा होतो. आणि बरं होताना दमेपर्यंत व्यायाम करून घेऊ नका, घरच्यांचा हुरूप मला कळतो, पण नस भरून येत असते तेव्हा तिला ताणलं तर माणूस दुसऱ्या दिवशी मागे जातो.

तोंड वाकडं झालं तर "बसच्या खिडकीतून वारं लागलं" म्हणून कानाला रुमाल बांधून बसू नका. कपाळाकडे बघा, भुवई वर करायला सांगा. कपाळासकट अख्खी बाजू गेली, डोळा मिटत नाही, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलीये, बेल्स पाल्सी, त्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी, आणि तो न मिटणारा डोळा जपायचा, दिवसा थेंब, रात्री पट्टी. कपाळ हलतंय आणि खालचंच तोंड वाकडं तर मेंदूचं असू शकतं, कारण कपाळाला दोन्हीकडच्या मेंदूतून निरोप येतो. पण घरी बसून हे ठरवत राहू नका, १०८ ला फोन करा, स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात.

आणखी एक, हे पटकन लक्षात येत नाही. सकाळी माणूस ठणठणीत, संध्याकाळी पापणी पडते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जेवताना शेवटच्या घासांना जबडा दमतो. लोक चष्म्याचा नंबर बदलून येतात. ती फट आठवते? मायस्थेनिया नावाच्या या आजारात तिथे पलीकडे रसायन लागायच्या जागाच अडवल्या जातात, दिवसभर वापरलं की हुकूम पुरत नाही. यात काही अँटिबायोटिक्सने त्रास वाढतो, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हा आजार सांगा.

टेस्ट करताना

नसांची टेस्ट, एनसीव्ही (नसेतला सिग्नल किती वेगाने जातो ते) आणि ईएमजी (सुईने स्नायूची), तिथे पण घोळ होतात. सुई टोचून स्नायूची टेस्ट दुखण्याच्या दुसऱ्याच दिवशी करून "नॉर्मल आहे" म्हणून निश्चिंत होऊ नका, नस तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. टेस्टला जाताना तेल, क्रीम लावू नका, त्यावर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. आणि हात गरम करून जा. डिसेंबरात एका मावशी सकाळी सात वाजता स्कूटरवर मागे बसून, हातमोजे न घालता टेस्टला गेल्या आणि रिपोर्टमध्ये नसांचा वेग कमी आला, घरात रडारड. हातातल्या नसेचा सिग्नल सेकंदाला ५०-६० मीटर पळतो आणि कातडी एका अंशाने थंड झाली की वेग साधारण २ मीटरने घटतो. मी त्यांना डॉक्टरांशी बोलून हात शेकून परत टेस्ट करायला सांगितलं, वेग नॉर्मल.

ऑनलाइन मिळतात ती करंटची मशिन्स, त्यातली बहुतेक दुखणं कमी करायची असतात, झिणझिण्या येतात म्हणजे नस जागी होतेय असं नाही. पेसमेकरवाल्या माणसाला तर लावूच नका.

दादांना मी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, एनसीव्हीत गुडघ्याजवळच सिग्नल अडत होता, धागा बराचसा शाबूत. उकिडवं बसणं बंद, त्यांनी सुताराकडून एक वीतभर उंचीचं चाकांचं पाटासारखं स्टूल करून घेतलं आणि त्यावर बसून फरशी लावायला लागले. चवडा धरून ठेवणारी पट्टी बुटात, दिवसातून तीन वेळा घोटा हाताने वर-खाली म्हणजे टाचेमागची शीर, हो, मी पण शीरच म्हणते, आखडू नये, आणि रोज पाच मिनिटं डोळे मिटून चवडा उचलायचा नुसता प्रयत्न, हलला नाही तरी. सातव्या आठवड्यात ते आले तेव्हा काही न बोलता खुर्चीत बसले आणि उजव्या पायाचा अंगठा हळूच वर केला. बाकीची बोटं अजून खालीच होती. मी नडगीच्या बाजूला हात ठेवला तर कातडीखाली स्नायूची बारीकशी दोरी घट्ट झालेली लागली. नवीन चप्पल घेऊ का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून महिनाभर बूटच घाला, मग दोन्ही एकाच दिवशी घ्या आणि झिजल्या की मला आणून दाखवा.